कवटीच्या शिवणी आणि क्रेनिओसेक्रल थेरपीचे दावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत क्रेनिओसेक्रल थेरपीची ओळख करून देणारा लेख नुकताच वाचला. लेख तळमळीने लिहिलेला होता. परंतु कवटीची हाडे आयुष्यभर श्वासासारखी हलत असतात, ती अडकली की आजार होतात आणि बोटांच्या हलक्या स्पर्शाने ती पुन्हा मोकळी करता येतात, ही तीन विधाने त्यात सिद्ध झालेल्या गोष्टींसारखी मांडली होती. मी नाशिकमध्ये 31 वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवले आणि त्यातला बराचसा काळ कवटी हातात धरूनच गेला. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे, कारण कवटी कशी बांधलेली असते हे सांगितल्याशिवाय या दाव्यांचा खरेखोटेपणा वाचकांना स्वतः ताडता येणार नाही.

लिहिण्यामागे एक ताजे कारणही आहे. आमच्या शेजारची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ साडेतीन महिन्यांचे झाले तेव्हा ती त्याला घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, याचं डोकं मागून उजव्या बाजूला चपटं झालंय, जरा बघता का?" विचारपूस केल्यावर कळले की ही गोष्ट तिच्या लक्षात दुसऱ्या महिन्यातच आली होती. कोणीतरी सुचवले म्हणून ती शहरातल्या एका केंद्रात गेली. तिथे तिला सांगण्यात आले की जन्माच्या वेळी बाळाचे मागचे हाड आत दबून अडकले आहे, त्यामुळेच डोके चपटे झाले आहे आणि त्यामुळेच ते रात्री रडते. दहा बैठका घ्याव्या लागतील, तोवर डॉक्टरांकडे जाण्याची गरज नाही, असेही सांगितले. सहा आठवड्यांत सहा बैठका झाल्या होत्या.

मी बाळाला मांडीवर घेतले आणि बोटांची टोके टाळूवरून हळूहळू मागे नेली. टाळू मऊ आणि सपाट होती, बोटाखाली नाडीचा ठोका लागत होता. भांगाच्या रेषेवरून मागे जाताना दोन्ही बाजूंच्या हाडांच्या कडा वेगवेगळ्या कळत होत्या. कुठेही कडक धार किंवा उंचवटा नव्हता, म्हणजे शिवण, अर्थात दोन हाडांमधला सांधा, वेळेआधी जुळून गेल्याची खूण नव्हती. मग मी खुळखुळा त्याच्या डाव्या कानाशी वाजवला. बाळाने डोळे वळवले, पण मान वळवली नाही. मानेच्या डाव्या बाजूला, कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा स्नायू दोरीसारखा ताठ लागत होता. मान डावीकडे वळत नसल्याने बाळ सदानकदा उजव्या बाजूवर डोके टेकवून झोपत होते आणि तीच बाजू चपटी होत होती. बालरोगतज्ज्ञांनी तपासून हेच निदान केले. फिजिओथेरपिस्टने आईला मान वळवण्याचे व्यायाम शिकवले, बाळ जागे असताना त्याला पोटावर ठेवायला सांगितले आणि पाळण्याची दिशा बदलायला लावली. आठव्या महिन्यापर्यंत चपटेपणा पुष्कळच कमी झाला. या साऱ्यात सहा आठवडे वाया गेले, याचे मला फार वाईट वाटते. जन्मतः साधारण 34-35 सेंटीमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षाच्या अखेरीस 46 सेंटीमीटरच्या आसपास पोहोचतो, आणि यातली बहुतेक वाढ पहिल्या सहा महिन्यांतच होते. डोक्याचा आकार सुधारण्याचा हाच काळ असतो.

आता मूळ रचनेकडे वळते. कानातली सहा चिमुकली हाडे सोडली तर कवटीत 22 हाडे असतात. त्यांतली आठ मेंदूची पेटी बनवतात आणि उरलेली 14 चेहरा घडवतात. कपाळाचे एक, माथ्याच्या दोन्ही बाजूंना दोन, कानांभोवतीची दोन, मागे डोक्याच्या बुडाशी एक, नाकाच्या मुळाशी चाळणीसारखे एक आणि या सगळ्यांच्या मधोमध पाचरीसारखे बसलेले जतुकास्थी. जतुका म्हणजे वाघूळ. पंख पसरलेल्या वाघळासारखा या हाडाचा आकार असतो. कवटीतल्या इतर बहुतेक हाडांना ते कुठे ना कुठे टेकलेले असते, पण बाहेरून बोट लावायचे म्हटले तर डोळ्याच्या मागे, कानशिलावर, त्याच्या मोठ्या पंखाचा छोटासा भाग तेवढा हाताखाली येतो, आणि तोही चावण्याच्या जाड स्नायूखाली झाकलेला असतो. 22 हाडांपैकी मोकळेपणाने हलणारे हाड एकच, खालचा जबडा.

बाकीची हाडे एकमेकांना जिथे भेटतात तिथे शिवणी असतात. माथ्यावरची भांगाची शिवण आणि मागची कमानीसारखी शिवण पाहिली तर नदीचे वळणावळणाचे पात्र नकाशावर काढावे तशी दिसते. एका हाडाचे दात दुसऱ्याच्या खाचांत घट्ट बसलेले असतात. कानशिलावरची शिवण मात्र वेगळी असते. तिथे एका हाडाची उतरती कड दुसऱ्यावर कौलासारखी चढलेली असते. ही कौलासारखी कड वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण या थेरपीची सगळी कथा तिथूनच सुरू होते.

नवजात बाळाच्या डोक्यात या शिवणी रुंद आणि मऊ असतात, आणि जिथे दोनपेक्षा जास्त हाडे भेटतात तिथे टाळू असते. जन्मतः अशा सहा जागा असतात. आपल्याला हाताला लागते ती पुढची मोठी, पतंगाच्या आकाराची टाळू बहुधा दीड वर्षापर्यंत भरते, आणि मागची छोटी दोन-तीन महिन्यांतच. प्रसूतीच्या वाटेतून येताना हाडे थोडी एकावर एक सरकतात आणि डोके निमुळते होते, ते काही दिवसांत आपोआप जागेवर येते. आपल्याकडे बाळाची टाळू तेलाने भरायची आणि मालिश करणाऱ्या बाईने दोन्ही तळव्यांनी डोके गोल करायचे, ही जुनी पद्धत आहे. तेल चोळण्यात वावगे काही नाही, हात प्रेमाचा असतो आणि बाळही निवते. पण टाळूवर दाब देऊ नये, आणि डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी ठेवण्याचाही आग्रह धरू नये, कारण लहान बाळाच्या झोपेच्या जागी उशी असणेच धोक्याचे असते. हे मी मालिश करणाऱ्या कित्येक बायांना सांगितले आहे आणि त्यांनी ते ऐकलेही आहे. त्या आडमुठ्या असतात हा समज माझ्या अनुभवाला धरून नाही.

प्रौढ माणसाची कवटी किती घट्ट असते हे मी पुस्तकापेक्षा आमच्या विभागात जास्त शिकले. विद्यार्थ्यांना हाडे सुटी करून दाखवायची असत तेव्हा जुनी पद्धत वापरली जायची. विभागातले मामा कवटी उलटी धरत, मेरुरज्जू ज्या मोठ्या छिद्रातून खाली उतरतो त्यातून आत कोरडे हरभरे ठासून भरत, छिद्र फडक्याने घट्ट बंद करत आणि कवटी पाण्याच्या बादलीत ठेवत. रात्रभरात हरभरे फुगत आणि सगळ्या बाजूंनी आतून दाब देत. तरुण माणसाची कवटी असेल तर सकाळी शिवणी फाकलेल्या दिसत. वयस्क कवटी असेल तर हाच खटाटोप दोन-तीनदा करावा लागे आणि कधी कधी शिवण सुटण्याआधी शेजारचे पातळ हाडच मोडे. फुगलेल्या हरभऱ्यांचा जोर घरोघरी ठाऊक आहे, घट्ट झाकणाच्या डब्यात भिजत घातले तर ते झाकण उचलतात. क्रेनिओसेक्रल थेरपीत जो स्पर्श सांगितला जातो तो साधारण पाच ग्रॅमचा, म्हणजे एक लहान चमचाभर साखरेच्या वजनाचा.

इथे थेरपीच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कोरडी कवटी आणि जिवंत माणसाची कवटी सारखी नसते. जिवंत शिवणीत तंतू असतात, रक्तवाहिन्या असतात, थोडी लवचिकता असते, आणि सगळ्या शिवणी विशीत-तिशीत पूर्ण जुळून जातात हे जुन्या पाठ्यपुस्तकांतले विधानही सरसकट खरे नाही. जुळण्याची सुरुवात आतल्या बाजूने होते, व्यक्तीगणिक तिच्यात मोठा फरक असतो आणि कानशिलाची शिवण उतारवयापर्यंत उघडी राहिलेली आढळते. थेरपिस्ट जेव्हा म्हणतात की शिवणी म्हणजे सिमेंट नव्हे, तेव्हा ते बरोबर बोलतात. पण शिवण किंचित लवचीक आहे यावरून ती स्वतःच्या लयीने हलते, ती लय बोटाला कळते आणि तळहाताने ती दुरुस्त करता येते, हे तिन्ही निष्कर्ष निघत नाहीत. प्रत्येकासाठी वेगळा पुरावा लागतो. अमेरिकेत 2006 साली सशांवर केलेल्या एका प्रयोगात या थेरपीइतका हलका ताण कपाळामागच्या शिवणीवर दिला आणि मोजमाप केले. शिवणीच्या हालचालीत किंवा कवटीच्या आतल्या दाबात लक्षणीय फरक पडला नाही. सशाची कवटी माणसाच्या कवटीहून कितीतरी पातळ असते.

ही कल्पना आली कुठून हेही समजून घेण्यासारखे आहे. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1874 साली अमेरिकेत ऑस्टिओपथीची, म्हणजे हाडे आणि स्नायू हातांनी हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीची, मांडणी केली आणि पुढे मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल येथे तिचे विद्यालय काढले. तिथे शिकणाऱ्या विल्यम गार्नर सदरलँड (1873-1954) यांनी सुटी केलेली कवटी पाहिली. कानशिलाच्या हाडाची ती कौलासारखी उतरती कड त्यांना माशाच्या कल्ल्यांसारखी वाटली, आणि कल्ले श्वासासाठी असतात तर ही कडही एखाद्या श्वासासारख्या हालचालीसाठीच असणार, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे अनेक वर्षे त्यांनी स्वतःच्या डोक्याला निरनिराळ्या जागी पट्टे आवळून प्रयोग केले आणि 1939 साली आपली मते प्रसिद्ध केली. त्यांच्या मते मेंदू आणि मेरुरज्जू स्वतःच आकुंचन-प्रसरण पावतात, त्यांच्याभोवतीचा द्रव लयीत वरखाली होतो, आवरणे ताणली जातात, कवटीची हाडे हलतात आणि खाली कंबरेतले त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड, हेही त्याच लयीत डोलते.

सदरलँड यांच्या निरीक्षणशक्तीबद्दल मला आदर आहे. कानशिलाची कड इतक्या बारकाईने पाहणारे विद्यार्थी मला 31 वर्षांत मोजकेच भेटले. पण आकारावरून काम ओळखताना दुसरे काम असू शकते का, हे तपासावे लागते. हाडांच्या उतरत्या कडा एकमेकींवर चढलेल्या असल्या की वाढत्या वयात पेटीला मोठे व्हायला वाव राहतो, आणि चावताना कानशिलाच्या स्नायूचा जो जबर ताण येतो तोही पसरतो. स्वतःच्या कानशिलावर बोटे ठेवून दात आवळले तर हा ताण कोणालाही जाणवेल.

या सिद्धान्ताची खरी अडचण तर शिवणींच्याही आत आहे. जतुकास्थीचे मधले शरीर आणि डोक्याच्या बुडाचे हाड यांच्यातला सांधा हा या पद्धतीत बिजागरीसारखा मानला जातो. तो वाकतो आणि सरळ होतो, आणि त्याच्या मागोमाग बाकीची कवटी हलते, असे शिकवले जाते. लहान मुलांत तिथे कूर्चा असते हे खरे. पण ती मुलींत साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी आणि मुलांत त्याहून थोडी उशिरा हाडात बदलू लागते आणि विशीच्या आत सलग हाड तयार होते. प्रौढ कवटी मधोमध करवतीने कापली तर त्या जागी शिवण नाही, फट नाही, रेषही दिसत नाही. 40 वर्षांच्या माणसाची ही बिजागरी अडकली आहे असे कोणी सांगितले तर त्याने नम्रपणे विचारावे की बिजागरी आहे कुठे.

या संदर्भात आपल्याकडच्या वाचकांना सुश्रुताची आठवण देणे मला आवश्यक वाटते, कारण हल्ली या थेरपीला प्राचीन भारतीय आधार असल्याचेही सांगितले जाते. सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या एकाचे नाव तुन्नसेवनी, म्हणजे रफू केल्यासारखी शिवण, आणि तो प्रकार डोक्याच्या व कंबरेच्या चपट्या हाडांमध्ये असतो असे तिथे म्हटले आहे. डोके आणि कंबर एकाच ओळीत पाहून कोणालाही हुरूप यावा. परंतु त्याच ठिकाणी हलणाऱ्या आणि स्थिर सांध्यांची विभागणीही आहे. हातपाय, जबडा आणि कंबर येथील सांधे हलणारे म्हटले आहेत आणि उरलेले स्थिर. डोक्याच्या शिवणी स्थिर सांध्यांत जमा होतात. माथ्यावरच्या पाच शिवणींना सुश्रुताने सीमंत म्हटले, त्यांची गणना 107 मर्मांत केली आणि त्या दुखावल्यास काय अनर्थ होतो तेही सांगितले. सीमंत म्हणजे केसांचा भांग. इतका नेमका शब्द वापरणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण त्याचे नसलेले मत घालू नये.

आता कवटीपासून त्रिकास्थीपर्यंतच्या जोडणीबद्दल. ही जोडणी काल्पनिक नाही. मेंदूभोवतीचे जाड आवरण, ज्याला दृढतानिका म्हणतात, ते कवटीच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटलेले असते. मोठ्या छिद्राच्या कडेला आणि मानेच्या वरच्या मणक्यांना धरून ते नळीसारखे खाली उतरते आणि त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपते. तिथून एक बारीक धागा माकडहाडापर्यंत जातो. म्हणून क्रेनिओसेक्रल, म्हणजे कवटी आणि त्रिकास्थी यांचे, हे नाव रचनेच्या दृष्टीने निराधार नाही. मात्र ही नळी ताणलेली तार नाही. आपण वाकतो, वळतो तेव्हा तिला सैलपणा लागतो आणि तो तिच्यात असतो. शिवाय वाटेत मणक्यांच्या पोकळीशी तिला जागोजागी बारीक तंतूंनी बांधलेले असते. त्रिकास्थीवर हलका हात ठेवून वरचे जतुकास्थी ओढले जाईल, हे अशा बांधणीत कसे घडावे हे मला उमगलेले नाही.

या आवरणांच्या आत मस्तिष्कमेरु द्रव असतो. प्रौढ माणसात तो एका वेळी सुमारे 150 मिलीलीटर असतो, आणि दिवसाला सुमारे 500 मिलीलीटर तयार होतो, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा पूर्ण बदलतो. साधारण 1,400 ग्रॅमचा मेंदू या द्रवात तरंगत असल्याने त्याचे वजन तळाला जाणवते ते जेमतेम 50 ग्रॅमइतके. मला शरीरातली ही व्यवस्था नेहमीच विलक्षण वाटत आली आहे, आणि या थेरपीने सामान्य माणसाचे लक्ष तिच्याकडे वेधले याचे श्रेय तिला द्यायला मी तयार आहे.

जॉन अपलेजर (1932-2012) या अमेरिकी ऑस्टिओपथिक डॉक्टरांनी सदरलँड यांची पद्धत डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर नेली. 1971 साली मानेच्या एका शस्त्रक्रियेत दृढतानिका स्थिर धरण्याचे काम त्यांच्याकडे होते. ती काही केल्या स्थिर राहीना, आणि तिची हालचाल नाडीशी किंवा श्वासाशी जुळत नाही असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठात त्यावर काम केले आणि 1985 साली फ्लोरिडात स्वतःची संस्था काढली. द्रव थोडा वेळ तयार होतो, मग निर्मिती थांबते, पुन्हा सुरू होते, आणि त्यामुळे मिनिटाला 6 ते 12 वेळा एक लय उमटते, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या दहा टप्प्यांच्या क्रमात रुग्ण कपडे न काढता तासभर उताणा झोपतो. थेरपिस्ट पाय, ओटीपोट, छाती, त्रिकास्थी, मान आणि शेवटी डोके असा हात ठेवत जातो आणि डोक्याच्या बुडाला दोन्ही तळव्यांचा आधार देऊन ती लय क्षणभर शांत करतो.

द्रव हलतो यात शंका नाही. एमआरआयवर तो प्रत्यक्ष दिसतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मेंदूत रक्त येते, कवटीची पेटी फुगत नसल्याने तेवढा द्रव खाली मणक्यांच्या पोकळीत सरकतो आणि मग परत येतो. खोल श्वास घेतला की तो वर ओढला जातो. गाढ झोपेत त्याच्या आणखी संथ, मोठ्या लाटा येतात, हे 2019 साली बोस्टनच्या संशोधकांनी दाखवले. रक्तदाबातही मिनिटाला सहाच्या आसपास संथ चढउतार असतात आणि ते शरीरविज्ञानाला शतकाहून अधिक काळ माहीत आहेत. म्हणजे शांत बसून डोक्यावर हात ठेवणाऱ्याला काहीतरी लयीत जाणवत असेल तर मी त्याला खोटे म्हणणार नाही. कदाचित रक्ताचे चढउतार असतील, श्वास असेल, कदाचित त्याच्या स्वतःच्याच बोटांतली नाडी असेल. ते हाडांचे हलणे आहे हे मात्र यातून ठरत नाही.

याची परीक्षा घेणे अवघड नाही, आणि ती घेतली गेली आहे. 1994 साली अमेरिकेत तीन फिजिओथेरपिस्टनी 12 व्यक्तींची ही लय मोजली. एकाच माणसाबद्दल तिघांचे आकडे जुळले नाहीत. 1998 सालच्या दुसऱ्या अभ्यासात एकाने डोक्याशी आणि दुसऱ्याने पायाशी हात ठेवून एकाच वेळी मोजले, तरीही मेळ बसला नाही. नाडी मोजायला दोन परिचारिका बसवल्या तर एखाद-दुसऱ्या ठोक्याचा फरक येईल. इथे तेवढेही एकमत नसेल, तर त्या लयीवरून कोणाच्या आजाराचे निदान करणे योग्य ठरत नाही, हे मी ठामपणे म्हणते.

उपचाराचा गुण येतो का, या प्रश्नाची उत्तरे एकसारखी नाहीत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1999 साली झालेल्या आढाव्याने पुरावा अपुरा ठरवला. 2020 साली जर्मनीतल्या संशोधकांनी जुनाट वेदनांवरच्या दहा चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा वेदनेत काही उतार पडल्याचे आणि तो सहा महिन्यांपर्यंत टिकल्याचे दिसले. 2024 साली स्पेनमधल्या संशोधकांच्या व्यापक आढाव्याला अर्थपूर्ण फायदा आढळला नाही. माझे स्वतःचे मत असे की तासभर शांत खोलीत, कोणी घाई न करता, मान आणि डोके हळुवार हातात धरले तर ताठलेले स्नायू सैल होतात, श्वास संथ होतो आणि झोप लागते. यजमान गेल्यानंतरच्या वर्षी माझी मान कायम आखडलेली असे, तेव्हा मीही एका शिकलेल्या थेरपिस्टच्या हाताखाली चारदा झोपले होते. मला बरे वाटले. त्या बाईंनी माझे कोणतेही हाड अडकल्याचे सांगितले नाही आणि माझी गोळी बंद करायला लावली नाही, म्हणून त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे.

माझा आक्षेप आहे तो हाड अडकल्याच्या निदानाला, आणि त्या निदानापायी डॉक्टरांकडे जाणे लांबवण्याला. बाळ शांत असताना, उभे धरूनही टाळू फुगलेली दिसत असेल, ती खोल गेली असेल, बाळाला सारख्या उलट्या होत असतील, डोळे खाली झुकल्यासारखे दिसत असतील, शिवणीवर कडक उंचवटा लागत असेल किंवा डोक्याचा घेर फार भराभर वाढत असेल अथवा वाढतच नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत घेर टेपने मोजून लिहून घ्यावा, त्याला एक मिनिट लागते. मोठ्यांच्या बाबतीत, डोक्याला नुकताच मार लागला असेल, मेंदूत रक्तस्राव झाला असेल, रक्तवाहिनीला फुगा असेल किंवा कवटीतला दाब वाढलेला असेल, तर ही थेरपी घेऊ नये, असे या थेरपीच्या प्रशिक्षणातही शिकवतात. द्वारका किंवा मुंबई नाक्यावर दुचाकीवरून पडून दोन दिवस डोके दुखत असलेल्या माणसाने आधी तपासणी करून घ्यावी, मालिश किंवा थेरपीचा विचार नंतर करावा.

शहरातल्या थेरपिस्टना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या कामाचे वर्णन विश्रांती आणि वेदनेला आराम एवढ्यापुरते ठेवावे, आणि एक वर्षाखालचे बाळ आले तर बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय हात लावू नये. आपल्या दैनिकाला विनंती अशी की शरीररचनेबद्दलचा मजकूर छापण्यापूर्वी तो हा विषय शिकवणाऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून जावा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. त्यामुळे नाशिकमधल्या संपादकांना अशी माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही.

माझ्याकडे वर्गात वापरलेली, सगळी हाडे सुटी होणारी प्लास्टिकची कवटी अजून आहे. नाशिकमधल्या कोणत्याही शाळेत, महिला मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात किंवा ही थेरपी शिकवणाऱ्या वर्गातही मी ती घेऊन यायला तयार आहे. ज्यांना बोलवायचे असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा.

कळावे,
आपली विश्वासू,
शरीररचनाशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका,
गंगापूर रोड, नाशिक